पहिली झूम कुठली? (कुणी विचारलं नसलं तरी माझं मत!)

‘प्लेसमेंटला कुठली कंपनी येणार?’ याच्या खालोखाल सध्या आमच्या विंगमध्ये विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘लेन्स कुठली घेऊ?’ याला कारणं दोन. एक, एफ.ई.च्या चार-पाच जणींच्या हातात नवेकोरे (किंवा मावसभावाने वापरून दिलेले) कॅमेरे आलेत. आणि दुसरं, जास्त गंभीर कारण म्हणजे यंदा जिमखान्याने फोटोग्राफी क्लबला एका लेन्सपुरते पैसे मंजूर केलेत. एका! असे पैसे परत कधी मिळतील ते त्या जिमखान्यालाच ठाऊक. त्यामुळे क्लबमध्ये सरळ दोन तट पडलेत. बहुमत म्हणतं, १८-२०० घ्या, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं त्यात येतं, विषय संपला. अल्पमत म्हणजे मी, आणि माझी रूममेट. (ती क्लबची मेंबर नाही, पण एका खोलीत राहायचं असल्याने माझ्या बाजूने आहे.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना सबमिशन आहे ते इथेच थांबू शकतील. शिकणाऱ्या माणसाची रोजची झूम आखूड असावी. १६-१७-१८ ला सुरू होणारी आणि ५०-५५, फार तर ७० ला संपणारी. पैसे असतील तर ते लांबी वाढवण्यात घालू नयेत, अपर्चर मोठं मिळवण्यात घालावेत. आणि पैसे नसतील तर कॅमेऱ्यासोबत आलेली ती बिचारी १८-५५, जिला सगळे ‘किट लेन्स’ म्हणून नाकं मुरडतात, तीच वर्षभर वापरावी. झालं!

आता कारणं. ती सांगण्याआधी एक कबूल करते, माझी शाळा कॉन्व्हेंट. फोकल लेंग्थला मराठीत ‘नाभीय अंतर’ म्हणतात हे मला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी त्याच रूममेटने सांगितलं, आणि मी दोन दिवस हसत होते. ती मराठी मीडियमची. तिचं म्हणणं, “तुम्ही लोक फोकल लेंग्थ म्हणता आणि पुढे जाता. आम्हाला निदान कळतं तरी, की हे कसलं तरी अंतर आहे!” विचार केला तर तिचं बरोबर आहे. १८ मिमी, ५५ मिमी हे आकडे म्हणजे लेन्सची ‘पॉवर’ नव्हे. ते अंतर आहे, आणि त्या अंतराची सेन्सरच्या रुंदीशी तुलना केली की चौकटीत किती मावणार ते ठरतं. आपल्याकडे बहुतेकांच्या कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सर असतो. निकॉन, सोनी, फुजी यांचा साधारण २३.५ मिमी रुंद, कॅननचा थोडा लहान, २२.३. फुल फ्रेमचा ३६. म्हणूनच तो दीडपटीचा (कॅननला १.६ चा) हिशेब करतात.

आपण इंजिनीअर, तेव्हा सूत्र लिहूनच टाकते. चौकटीची रुंदी = समोरचं अंतर × सेन्सरची रुंदी ÷ नाभीय अंतर. समरूप त्रिकोण, बाकी काही नाही. आता होस्टेलच्या खोलीत या. दारात उभं राहिलं की समोरच्या कॉटवर बसलेल्या मुली साधारण सहा फुटांवर येतात. १८ मिमीला सहा फुटांवर पावणेआठ फूट रुंदी मिळते. चौघी खांद्याला खांदा लावून बसल्या तर मावतात. २८ मिमीला तेवढ्याच अंतरावर मिळतात पाच फूट. म्हणजे कडेच्या दोघी कापल्या जाणार. आणि मागे सरकावं तर मागे दार, दारामागे कॉरिडॉरमध्ये वाळत घातलेले कपडे. लांबचं चित्र जवळ आणायला निदान पुढे चालत जाता येतं (कधी कधी येत नाही, त्याबद्दल पुढे लिहिलंय). पण भिंतीतून मागे जाता येत नाही. म्हणून मी म्हणते, झूम निवडताना आधी डावीकडचा आकडा बघा. सगळे उजवीकडचाच बघतात.

ही गोष्ट फुकटात मिळणाऱ्या लेन्सच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. घरात काकांचा फिल्मच्या काळातला कॅमेरा असतो, त्याची २८-८० असते. फिल्मवर ती मस्त होती, कारण फिल्म ३६ मिमी रुंद. आपल्या सेन्सरवर तिचा कोन ४२-१२० सारखा होतो. म्हणजे खोलीत काही मावत नाही आणि लांबचंही धड येत नाही. तीच गत २४-७० ची. फुल फ्रेमवाल्यांची ती लाडकी लेन्स, फोटोही सुरेख देते. पण एपीएस-सीवर ती ३६ पासून सुरू होते. नावाजलेली लेन्स म्हणून घ्याल आणि गॅदरिंगच्या ग्रुप फोटोला मागे सरकत सरकत स्टेजवरून खाली पडाल.

आणखी एक. आपल्या सगळ्यांचा डोळा आता फोनने तयार केलेला आहे. फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या भाषेत साधारण २४ ते २६ मिमीचा असतो. किट लेन्सचे १८ मिमी दीडपटीने २७ होतात. म्हणून नव्या मुली म्हणतात, “अगं, एवढा महाग कॅमेरा आणि फोनपेक्षा कमी मावतं यात!” भ्रम नाही, खरंच थोडं कमी मावतं. हल्लीच्या मिररलेसच्या काही किट लेन्स १६ ला सुरू होतात (निकॉनची झेड माउंटची १६-५० तशीच आहे), त्या फोनइतकं दाखवतात. नवीन घेणार असाल तर हे दोन मिलिमीटर हलक्यात घेऊ नका. लांबच्या टोकाला २०० आणि २०२ मध्ये काडीचा फरक नाही. रुंद टोकाला १६ आणि १८ मध्ये कडेला उभी असलेली मैत्रीण येते किंवा जाते.

आता उजव्या टोकाकडे. २०० मिमी कुणाला नको असतं? मलाही हवं असतं. पण झूम किती लांब यापेक्षा त्या लांब टोकाला ती किती उजेड आत घेते हे बघायला हवं. १८-२०० वर लिहिलेलं असतं एफ/३.५-५.६. म्हणजे १८ ला ३.५, आणि पुढे फिरवत नेलं की अपर्चर लहान होत होत ५.६. काही लेन्समध्ये ६.३. आपला हॉल आठवा. स्टेजवर दोन पिवळे हॅलोजन, एक फिरता रंगीत दिवा, आणि मधूनमधून कुणीतरी चुकून बंद केलेलं सगळंच. समजा तिथे आयएसओ १६०० ठेवून एफ/२.८ ला १/१२५ सेकंद मिळतोय. एफ/५.६ ला उजेड एक चतुर्थांश. म्हणजे तोच फोटो १/३० ला काढा, नाहीतर आयएसओ ६४०० करा. लावणीला १/३० म्हणजे हात नाहीत, चेहरा नाही, नुसती साडीची रेघ. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “पण त्यात स्टॅबिलायझेशन आहे ना?” आहे की! पण स्टॅबिलायझेशन तुमचा हात थरथरतो त्यावर इलाज आहे. नाचणारीला ते थांबवू शकत नाही. देवळाचा कळस, वर्कशॉपमधलं लेथ मशीन, झोपलेला रूममेट यांच्यासाठी ते उत्तम. नाचासाठी नाही.

आणि ५० मिमी म्हणजे काही अगदीच तोकडं नाही. तेच सूत्र लावा. कॅमेरा उभा धरला तर सेन्सरची लांब बाजू वर-खाली येते. ५० मिमीला सहा मीटरवरून पावणेतीन-तीन मीटर उंची मावते. म्हणजे पहिल्या रांगेसमोर बसून नाचणारी डोक्यापासून घुंगरापर्यंत आरामात येते, वर हात उंचावायला जागा ठेवून. शेवटच्या रांगेतून २०० मिमीने काढलेला फोटो आणि पहिल्या रांगेतून ५० ने काढलेला फोटो शेजारी ठेवा. दोन्हीत नाचणारी सारखीच मोठी दिसेल. पण दुसऱ्यात आपण तिथे होतो असं वाटतं. याला कारण आहे, आणि ते लेन्सचं नाही. पर्स्पेक्टिव्ह तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं, मिलिमीटरवर नाही. लेन्स नुसतं कापते. म्हणूनच मैत्रिणीचा प्लेसमेंटसाठी फोटो काढताना १८ ला ठेवून तिच्या तोंडाजवळ जाऊ नका, नाक भोपळ्याएवढं येतं आणि मग ती तुमच्याशी बोलत नाही. दोन मीटर मागे या, लेन्स ५० ला न्या, मग दाबा. हे शिकायला २०० लागत नाही. उलट २०० हातात असलं की माणूस जागचा हलतच नाही.

होमाई व्यारावाला यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार. जन्म १९१३, शिक्षण मुंबईच्या जे.जे. मध्ये, आणि पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या काळातले केवढे तरी प्रसंग त्यांनी टिपले. त्यांच्या हातात असायचा स्पीड ग्राफिक किंवा रोलीफ्लेक्स. रोलीफ्लेक्सला झूम सोडाच, लेन्स बदलायचीही सोय नाही. साडी नेसून तो जडशीळ कॅमेरा घेऊन त्या जिथे उभं राहायचं तिथे जाऊन उभ्या राहायच्या. एसएलआर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम बाजारात आली तीच मुळी १९५९ साली, फोइग्टलेंडरची झूमार. तिचा पल्ला किती होता माहितीय? ३६ ते ८२ मिमी, एफ/२.८. आज त्याला कुणी झूम म्हणणार नाही! पण आपल्या सेन्सरच्या हिशेबाने ती २४-५५ च्या आसपास पडते, म्हणजे किट लेन्सची आजीच.

आता विरुद्ध बाजू, कारण बहुमतवाले अगदीच चुकीचं बोलत नाहीत. आषाढी वारीत आम्ही क्लबची मंडळी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चाललो. दिवेघाट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. घाटाच्या चढाला रथाला जादा बैलजोड्या लावतात, रस्ता वळत वळत वर जातो आणि सगळा घाट माणसांनी भरून जातो. तो फोटो समोरच्या डोंगरउतारावरून काढायचा असतो आणि तिथे ५५ मिमी म्हणजे मुंग्यांची रांग. तिथे पुढे चालत जाणं म्हणजे दरीत उतरणं. ‘पाय वापरा’ हा माझा उपदेश दिवेघाटात उपयोगाचा नाही, हे मान्य. पक्ष्यांना तर नाहीच, आणि इंटरकॉलेज क्रिकेटला बाउंड्रीबाहेरून तर मुळीच नाही. शिवाय पाऊस. आषाढातल्या सरीत छत्री मानेत धरून लेन्स बदलायची, पाण्याचा एक थेंब आत गेला की संपलं. एकदा लावलेली लेन्स काढायचीच नाही, हा १८-२०० वाल्यांचा खरा मुद्दा आहे आणि तो चांगला मुद्दा आहे.

पण त्याच वारीत उताराऐवजी दिंडीत शिरा. टाळ कानाशी वाजतोय, मृदंगवाला हातभर अंतरावर, डोक्यावर तुळस घेतलेल्या आजी तुमच्या खांद्याला घासून जातायत. तिथे १८ सुद्धा कमी पडतं. आजींनी मला हाताला धरून ओढलं आणि “चल पोरी, थांबायचं न्हाई” म्हणाल्या. त्यांचा फोटो मी चालता चालता तीन फुटांवरून काढला. क्लबच्या भिंतीवर आज दिवेघाटाचे सहा फोटो आहेत, सहा जणांचे, आणि कुठला कुणाचा ते त्या त्या माणसालाही ओळखता येत नाही. दिंडीतले जे आहेत ते प्रत्येकाचे वेगळे आहेत. मला वाटतं हे लेन्समुळे झालं. लांब लेन्स सगळ्यांना एकाच कठड्यावर नेऊन उभी करते.

तेव्हा माझा तोडगा असा. ज्याला खरंच ट्रेकच करायचेत, उन्हातच फोटो काढायचेत, खोलीत-हॉलमध्ये काढायचे नाहीत, त्याने खुशाल मधली वाट धरावी. कॅननची १८-१३५, निकॉनची १८-१४० या लेन्स त्यासाठी छान आहेत, लाजायचं काही कारण नाही. ज्याला पक्षीच हवेत त्याने ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी वेगळी लेन्स घ्यावी, ती रोजची नव्हेच. पण २०० पर्यंत ओढलेली एकच लेन्स ही दोन्ही कामं थोडी थोडी करते. त्यातून एक गंमत दुकानदार सांगत नाही. जवळच्या माणसावर फोकस केलं की अशा बऱ्याच लेन्स २०० च्या राहत नाहीत, चांगल्याच आखूड होतात. अनंतावर मोजलेला आकडा डबीवर छापतात. आपण कुठे अनंतावर फोटो काढतो?

भांडत बसण्यापेक्षा एक काम करा. तुमच्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती मिलिमीटरला काढलाय हे कॅमेऱ्याने आपोआप लिहून ठेवलेलं असतं. एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याला अख्खा फोल्डर दिला की सगळ्या फोटोंचे आकडे एका तक्त्यात मिळतात. कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांना दहा मिनिटांचं काम, बाकीच्यांनी त्यांना एक कटिंग पाजावा. मग हिस्टोग्राम काढा. बहुतेकांचा आलेख उंटासारखा येतो. १८ ला एक ढीग, ५५ ला एक ढीग, मध्ये खळगा. माझाही तसाच आला. आता ५५ चा ढीग बघून लगेच ‘बघ, मला लांब लेन्स हवी!’ असं ओरडू नका. त्या ढिगातले फोटो एकेक उघडा आणि विचारा, मी इथे दोन पावलं पुढे जाऊ शकले असते का? ज्यांचं उत्तर ‘हो’ ते बाजूला काढा. उरले त्यांना खरी लांब लेन्स हवी. १८ च्या ढिगाला हाच प्रश्न उलटा विचारा, मागे जागा होती का? माझ्याकडे ५५ च्या ढिगातले फारच थोडे उरले, १८ चे मात्र जवळजवळ सगळे उरले. तुमचं वेगळं येईल. येऊ दे, पण आकडे बघून ठरवा, युट्यूबवरचा दाढीवाला सांगतो म्हणून नको.

राहिला पैशांचा प्रश्न, म्हणजे खरा प्रश्न. घरून आलेल्या पैशांत मेस आणि सेमिस्टरची फी जाते, त्यातून नवी एफ/२.८ झूम घेणं कठीण. पण डीएसएलआरसाठी जुन्या बाजारात चांगल्या मिळतात, कारण लोक मिररलेसकडे चाललेत. कॅनन आणि निकॉन यांचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले, त्यानंतर नाही. टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ (२००६), सिग्माची १७-५० एफ/२.८ (२०१०) या दोन नावांवर नजर ठेवा. पूर्ण पल्लाभर २.८, जड आहेत (सिग्मा अर्धा किलोच्या वर, किट लेन्स दोनशे ग्रॅमच्या आसपास), पण काम चोख. मिररलेसवाल्यांचं नशीब बरं. सिग्माची १८-५० एफ/२.८ (२०२१) जेमतेम तीनशे ग्रॅमची आहे.

जुनी घेताना दिवसाउजेडी घ्या आणि स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. टॅमरॉनच्या त्या १७-५० च्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत ती नव्हती. घासाघीस करून स्वस्तात घ्याल आणि आयुष्यभर हाताने फोकस करत बसाल. मोबाइलचा टॉर्च मागून आत मारून पुढून बघा. धुळीचे चार कण चालतात, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, नमस्कार करून निघा. झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, मध्ये अडकता कामा नये. लेन्स खाली तोंड करून धरा, आपोआप लांब व्हायला लागली तर भाव पाडा. बाकी दुकानदार “मॅडम, एकदम मिंट कंडिशन” म्हणेलच, तो गेली दहा वर्षं तेच म्हणतोय.

बुरशीवरून आठवलं, आणि इथे मला क्लबच्या कपाटाबद्दल लिहायचंच आहे. आपलं क्लबचं कपाट बॉइज होस्टेलच्या तळमजल्यावर, बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या भिंतीला हात लावला तर ओला होतो. हवेतला दमटपणा बरेच दिवस साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की लेन्समध्ये बुरशी धरते, ती काचेवरचं कोटिंग खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. आधीची एक लेन्स अशीच गेली. ती लांब पल्ल्याची होती, म्हणून रोज कुणी नेत नव्हतं, म्हणून अंधारात पडून राहिली, म्हणून गेली. वापरातली, उजेड-वारा लागलेली लेन्स सहसा अशी जात नाही. रोज नेली जाईल अशी लेन्स घ्या, असं मी म्हणते त्याचं हे सुद्धा एक कारण आहे. उपाय महाग नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची निळी खडी. खडी गुलाबी झाली की तिने पाणी प्यालं समजा, मग तापवून पुन्हा निळी करायची. मेसच्या तव्यावर नको, त्या निळ्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं. केमिस्ट्री लॅबच्या ओव्हनमध्ये होईल, मॅडमना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात.

जिमखाना समितीतल्या सरांना आणि मॅडमना विनंती आहे, की मंजूर पैशांतून एक जुनी पण नीट तपासलेली १७-५० एफ/२.८ घ्यावी, आणि उरलेल्यातून दोन साध्या १८-५५ घ्याव्यात. जुन्या बाजारात त्यांना कुणी विचारत नाही, त्यामुळे बजेटात बसतील. मोठी लेन्स गॅदरिंगला, टेक्निकल फेस्टला, वारीला जाईल. दोन लहान लेन्स क्लबच्या जुन्या बॉडींवर लावून एफ.ई.ला आठवड्याच्या हिशेबाने द्याव्यात. एका १८-२०० भोवती अठ्ठेचाळीस मेंबर रांग लावणार, आणि रांगेत पहिले कोण असतात ते सगळ्यांना माहितीय. फायनलचे दादा लोक चांगले आहेत, शिकवतातही, पण लेन्स त्यांच्या गळ्यातून उतरत नाही. तीन लेन्स झाल्या तर निदान दोन तरी उतरतील.

आणि रजिस्टर दोन ठेवावीत. आत्ता कपाटाची किल्ली बॉइज होस्टेलवर, आणि आम्हाला साडेआठच्या आत आमच्या गेटच्या आत यावं लागतं. प्रॅक्टिकल संपून, चहा पिऊन तिथे पोचेपर्यंत किल्लीवाले दादा मेसला गेलेले असतात. क्लबच्या अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस जणी मुली आहोत. एक लहान लेन्स आणि एक बॉडी लेडीज होस्टेलच्या ऑफिसमध्ये ठेवायला रेक्टर मॅडमची हरकत नाही, मी विचारून आलेय. डबा माझ्याकडे आहे, आईने चकलीचा दिला होता, घासून घेतलाय. सिलिका जेलची वर्गणी माणशी दहा रुपये.